जुनं घर, सव्वादोन एकर आणि पहिला पावसाळा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: त्र्यंबकच्या अलीकडे सव्वादोन एकर जागा घेतली. वरचा अर्धा भाग मुरमाड उताराचा, खालचा काळ्या मातीचा. मधोमध मातीच्या भिंतींचं कौलारू घर, तीन वर्षं बंद पडलेलं. विहीर आहे, पण फेब्रुवारी संपता संपता तिचा तळ दिसतो. तिथे पर्माकल्चर, म्हणजे घर, पाणी, माती आणि झाडं यांची निसर्गाच्या चालीने एकत्र मांडणी करून शेती, करायचं आहे. तर घर पाडून नवीन बांधावं का, जेसीबी लावून पाणी मुरवायला चर काढावेत का, जूनमध्ये किती झाडं लावावीत, आणि आता एप्रिल चालू आहे तर सुरुवात कशापासून करावी?

मी सतरा वर्षं इगतपुरी तालुक्यात हेच करतोय आणि त्यातली पहिली तीन वर्षं उलट्या क्रमाने केलं. आधी झाडं, मग पाणी, मग कुंपण, आणि घराकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. पैसे गेले ते त्या क्रमामुळे. म्हणून माझं उत्तर बरंचसं क्रमाबद्दल असेल. घर पाडू नका. जेसीबी या वर्षी आणू नका. फळझाडं पुढच्या जूनला. या मे महिन्यात छप्पर आणि विहीर, आणि जुलैत छत्री घेऊन नुसतं फिरायचं.

घरापासून सुरू करतो. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पर्माकल्चरची मांडणी केली, तेव्हा जागेचे टप्पे मोजायला सुरुवात घराच्या दारापासून केली. जिथे दिवसातून दहादा पाय पडतात तो भाग पहिला, जिथे वर्षातून दोनदा जाल तो शेवटचा. आपल्या आजीच्या परसाला यातलं काही नाव माहीत नव्हतं, पण न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, मागच्या दाराशी कढीपत्ता, ओट्यावरून दिसेल असा शेवगा, ही मांडणी तीच. त्यामुळे घर सोडून शेतावर सुरुवात करणं म्हणजे मधलंच पान आधी वाचणं. शिवाय त्या घरात रात्री झोपल्याशिवाय जागा कळत नाही. वारा कुठून येतो, माकडं कोणत्या झाडावरून कौलांवर उडी मारतात, पहाटे धुकं कुठे साचतं, हे रविवारी दुपारी डबा घेऊन येणाऱ्याला दिसत नाही.

आधी घर तपासा. एक जाडसा स्क्रूड्रायव्हर आणि शिडी घ्या. वासे भिंतीवर जिथे टेकतात ती टोकं, आणि तुळया भिंतीत जिथे शिरतात ती जागा, तिथे टोचून बघा. सागवान शाबूत असेल तर टोक जेमतेम रुततं. भसकन आत गेलं तर तो वासा बदलायचा. मधला भाग बहुतेक ठणठणीत असतो. कुजतं ते टोकाला, कारण एखादं कौल सरकलं की पाणी ओघळत जाऊन तिथेच मुरतं. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतील, ती वाळवी. नळी मध्ये बोटभर मोडा आणि दोन-तीन दिवसांनी परत या. तेवढा तुकडा पुन्हा बांधलेला असेल तर आत वस्ती आहे. तसाच राहिला असेल तर बहुधा जुनं प्रकरण आहे. या एका परीक्षेने माझ्या ओळखीच्या दोघांचं अख्खं छप्पर बदलण्याचं काम वाचलं.

मग शाकारणी. दोन्ही पाखांवरची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरची, कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, सडलेल्या रिपा बदलायच्या, आणि पुन्हा रांगेत लावायची. हे काम नीट येणारी माणसं आता दर चार गावांत एखाद-दोनच उरली आहेत आणि मेच्या मध्यानंतर ती कुणालाच सापडत नाहीत. आजच निरोप धाडा. मंगलोरी कौलं असतील तर एक उलटं करून बघा, मागे कारखान्याचं नाव किंवा छाप असतो. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, म्हणून दुकानातली नवी कौलं आणण्याआधी जवळपास कुणी जुनं घर उतरवतंय का ते विचारा.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. गवंडी हेच सुचवेल, आणि तो वाईट माणूस नाही, त्याला तेच येतं. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडी वर ओढते आणि हवेत सोडून देते. बाहेरून सिमेंट लावलं की ओल आत कोंडते. माझ्या घराला आधीच्या मालकाने असा गिलावा केला होता, दिसायला एकदम टणक. पायथ्याशी तो फोडला तर आतली माती शिऱ्यासारखी मऊ, चमच्याने काढावी अशी. ते दुरुस्त करायला दोन उन्हाळे गेले. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा: गाळलेली माती, भाताचा भुसा, शेण, चार-पाच दिवस कुजवून मळलेलं, आणि वरून चुन्याचा हात. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, तिथे पावसाळ्यापुरत्या गवताच्या किंवा बांबूच्या तट्ट्या बांधा. पाड्यावरची घरं बघा, तिथे अजून बांधतात.

आणि जोतं, म्हणजे भिंतींखालचा चौथरा, उघडं करा. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती साचत जाते आणि जोतं अर्धं गाडलं जातं, मग पाणी भिंतीलाच लागतं. भोवतीची माती खणून निदान दीड फूट जोतं मोकळं दिसायला हवं आणि जमिनीचा उतार घरापासून लांब जायला हवा. भिंतीपासून तीन-चार फुटांचा पट्टा दगडी फरशीचा किंवा नुसत्या मुरुमाचा ठेवा. इथे पालापाचोळ्याचं आच्छादन नको, झुडपं नकोत, लाकडांची रास नको. पर्माकल्चर म्हटलं की लोक सगळीकडे पाचोळा पसरतात. भिंतीला टेकलेला पाचोळा म्हणजे वाळवीला जिना आणि घोणशीला अंथरूण.

आता छपरावरचं पाणी. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमचं घर १००० चौरस फूट धरू, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. तासाभराच्या ५० मिलिमीटरच्या सरीत त्यावरून साडेचार हजार लिटर वाहून जातं. मोसमात १००० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी ७०–७५ हजार लिटर. सगळं साठवायला जाऊ नका, टाक्यांनी दिवाळं निघेल. ५००० लिटरची एक टाकी घ्या. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरलं तर ती फेब्रुवारी ते मे चार महिने पुरते. वळवाचा पहिला पाऊस टाकीत घेऊ नका, त्यात धूळ, शेवाळ आणि माकडांचे उद्योग असतात. टाकी भरली की पुढचं पाणी गाळणखड्ड्यातून, खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू, असं विहिरीकडे सोडा. पन्हळी सुरुवातीला एकाच पाख्याला लावा, बघा, मग दुसऱ्या.

मोरीचं पाणी केळीला द्या. त्यासाठी कुठलीही यंत्रणा विकत घ्यायची गरज नाही. तीन फूट खोल खड्डा, त्यात काटक्या, पाचोळा, नारळाच्या शेंड्या, कडेने केळी, अळू, कर्दळ. कपड्यांच्या साबणाचं पाणी एकाच झाडावर रोज नको, दोन खड्डे करून आलटून पालटून सोडा. शौचालय दोन शोषखड्ड्यांचं बांधा, एक भरला की दुसरा चालू, आणि ते विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब, विहिरीच्या खालच्या अंगाला.

विहिरीचं सांगतो. बोअर मारण्याचा सल्ला तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी दिला असेल. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत. भेग लागली तर लागली, नाहीतर सहाशे फूट धूळ. त्याआधी मेमध्ये विहिरीचा गाळ काढा. वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीत चार-पाच फूट गाळ सहज असतो आणि झरे त्याच्याखाली दबलेले असतात. आणि तुमच्या विहिरीला पाणी येतं ते वरच्या मुरमाड उतारातून झिरपून, कातळाच्या पाठीवरून सरकत. म्हणजे विहिरीचं दुखणं विहिरीत नाही, वरच्या उतारावर आहे. तिथे पाणी थांबलं तर विहीर आपोआप लांबते. माझी डिसेंबरात आटायची, आता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जाते. त्याला सहा वर्षं लागली, एका पावसाळ्यात चमत्कार झाला नाही.

मग लगेच चर का नाहीत? कारण पाणी कुठून कुठे जातं हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि इंटरनेटवरचे चर तुमच्या पावसासाठी काढलेले नसतात. नाशिक जिल्हा हा एक जिल्हा नाहीच, पावसाच्या दृष्टीने तीन-चार आहेत. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नर-येवल्याकडे ५०० च्या आगेमागे. सिन्नरला पाणी अडवणं हा प्रश्न आहे, घाटमाथ्याला जास्तीचं पाणी शहाणपणाने वाट काढून देणं हा प्रश्न आहे. तुम्ही या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहात. तुमच्या महसूल मंडळातल्या पावसाच्या नोंदी कृषी विभागाकडून घ्या, आणि अंगणात साधं पर्जन्यमापकही ठेवा. मंडळाचा आकडा आणि तुमच्या अंगणाचा आकडा यात डोंगराच्या आडोशाने बराच फरक पडतो.

माझी फजिती ऐका. पहिल्याच मेमध्ये मी जेसीबी आणला. उताराला आडवा, शंभर मीटरचा, कमरेइतका खोल चर, खालच्या अंगाला मातीचा बांध. पातळी डोळ्यांनी धरली होती. चालवणारा म्हणाला, "भाऊ, एकदम लेव्हल आहे," आणि मी मान डोलावली. एका टोकाला चर वीतभर खाली होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर कोसळला, सगळं पाणी त्या टोकाला धावलं, बांध फुटला आणि शेजाऱ्यांच्या नुकत्याच लावलेल्या भाताच्या दोन खाचरांवर माझा मुरूम जाऊन बसला. सकाळी ते काही बोलले नाहीत. नुसते बांधावर उभे राहून बघत होते. मी आणि माझा भाऊ तीन दिवस घमेल्याने मुरूम उपसत होतो. त्यानंतर त्यांनीच मला दाखवलं की बांधाला खेकड्यांची बिळं होती आणि फुटायला सुरुवात तिथूनच झाली. ते दरवर्षी जूनमध्ये आपल्या खाचरांच्या बांधांवर पायाने चाचपत फिरतात, बीळ लागलं की चिखल ठासतात. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

म्हणून तुम्ही या पावसाळ्यात एवढंच करा. जुलैतला एक धो-धो दिवस निवडा. गमबूट, छत्री किंवा इरलं, आणि बांबूच्या तीस-चाळीस खुंट्या. वरच्या हद्दीपासून सुरुवात करा. पाणी तुमच्या जागेत कुठून शिरतं तिथे एक खुंटी. जिथे गढूळ होतं तिथे एक, माती तिथून सुटतेय. जिथे स्वच्छ वाहतं तिथे खुंटी नको, तिथलं गवत काम करतंय. पाणी जिथे संथ होऊन फेस सोडतं, जिथे साचून राहतं, जिथून जागा सोडतं, तिथे तिथे खुंट्या. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा तोच फेरा मारा, कुठे मुरलं आणि कुठे डबकं राहिलं ते बघा. ऑगस्टमध्ये अजून एकदा, कारण तेव्हा जमीन पोट भरून प्यालेली असते आणि वेगळंच वागते. सप्टेंबरात त्या खुंट्या म्हणजे तुमचा नकाशा.

समपातळी रेषा काढायला ए-फ्रेम बनवा, खर्च शून्य. सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू वर बांधायचे, खाली पाय फाकवायचे, मध्ये एक आडवा बांबू, आणि वरच्या गाठीतून सुतळीला दगड. दोन पाय जमिनीवर टेकून सुतळी आडव्या बांबूला कुठे लागते तिथे खूण करा. आता पाय अदलाबदल करा, म्हणजे डावा उजव्याच्याच जागी, आणि परत खूण करा. दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये तिसरी खूण, ती पातळी. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत, सुतळी मधल्या खुणेवर येईल तिथे टेकवत चालत राहायचं. शाळकरी मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळीही चालते, पण तिला दोन माणसं लागतात आणि त्यातला एक कायम फोनवर असतो.

या रेषांवर चर काढायचे ते पुढच्या उन्हाळ्यात, आणि फक्त वरच्या मुरमाड भागात. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल, हाताने, आधी दोनच, वीस-वीस मीटरचे. प्रत्येकाला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट, आधी ठरवायचा, दगडांनी बांधलेला, खालच्या गवताळ भागात उतरणारा. सांडव्याशिवाय चर म्हणजे फुटायची तारीख न ठरवलेला बांध. खालच्या काळ्या मातीत असे चर अजिबात नकोत. ती माती आधीच पाणी धरून बसते, चर काढले तर मुळं गुदमरून मरतील. तिथे उलट उंच वरंबे करून झाडं वरंब्यावर चढवायची. शेततळ्याचंही या वर्षी नाव काढू नका. सरकारी योजनेतलं तीस बाय तीस मीटरचं तळं जवळपास नऊ गुंठे खातं, तुमच्या नव्वदातले नऊ. मुरुमात ते प्लास्टिकशिवाय थांबत नाही, आणि त्याची जागा खुंट्यांचा नकाशा सांगेल.

कागदपत्रांचं दोन वाक्यांत: फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागलंय ना, आणि इतर हक्कात विहिरीवर कुणाची पाण्याची पाळी किंवा वाट नोंदलेली नाही ना, ते बघा. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा आणि हद्दीचे दगड दिसल्यावरच कुंपणाचा विषय काढा.

कुंपण मात्र झाडांच्या आधी. पहिल्या जूनमध्ये मी ३१० रोपं लावली होती. पुढच्या मेअखेर मोजली तर ४६. पाण्याने फार थोडी मेली. भात कापून झाले की या पट्ट्यात गुरं मोकळी सुटतात, ही जुनी रीत आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. तुमची जागा तीन वर्षं पडीक होती, म्हणजे ती गावाची चराईच होती. त्या गुरांनी वरचे शेंडे खाल्ले, उरलेलं फेब्रुवारीतल्या वणव्याने नेलं. म्हणून दिवाळीनंतर हद्दीने दहा फुटांचा गवत काढलेला पट्टा ठेवा. तारेचं कुंपण सगळीकडे परवडणार नाही, घराभोवतीच्या अर्ध्या एकराला करा. बाकी हद्दीवर जिवंत कुंपण: सागरगोटा, करवंद, निवडुंग, घायपात, निरगुडी, मध्ये गिरीपुष्पाच्या काठ्या. ते तीन वर्षांत दाट होतं. जुनी पायवाट तुमच्या जागेतून जात असेल तर ती बंद करू नका, वाटेला फाटक ठेवा. कोंबड्या पाळणार असाल तर खुराडं वरूनही जाळीबंद हवं. बिबट्या इकडे गोष्टीतला नाही, माझी दोन कुत्री त्याने नेली.

मातीकडे येतो. प्रयोगशाळेची तपासणी जरूर करा. गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पण त्याआधी घरची बरणी. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूट मीठ, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा, म्हणजे गाळासारखी बारीक माती, काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगते. वरच्या आणि खालच्या भागाची अशी दोन बरण्यांत शेजारी शेजारी तुलना केली की एकच खड्डा, एकच खत, एकच झाड दोन्हीकडे चालणार नाही हे न सांगता कळतं. काळ्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर लिंबू-मोसंबी तिथे पिवळी पडणार, त्यांना घराजवळच्या भरावात न्या. कुंदा आणि लव्हाळा कुठे माजलाय ते टिपा. लव्हाळा जिथे, तिथे पाणी थांबतं.

तण काढायची घाई करू नका, कारण त्यातलं निम्मं जेवण आहे. पहिल्या पावसात टाकळा येईल, मग कुरडू, बांधाच्या झुडपांवर कर्टोली. पाड्यावरच्या एखाद्या मावशींना बरोबर घेऊन जागेत फिरा. मी माझ्या जागेत चौथ्या वर्षी असा फेरा मारला आणि तेव्हा कळलं की शेताच्या कोपऱ्यातली मी दर वर्षी उपटून टाकत असलेली झुडपं भारंगीची होती.

या जूनला जमिनीवर काय करायचं, तर खालच्या काळ्या भागातल्या अर्ध्या एकरात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा. दीड महिन्याने फुलावर आला की आडवा पाडून तिथेच दाबा. वरच्या भागात कुळीथ आणि चवळी विस्कटून द्या, जमीन झाकली की झालं, पीक आलं तर बोनस. आणि जिथे पुढच्या वर्षी फळझाडं लावायची असं साधारण वाटतंय, तिथे तुरीच्या ओळी पेरा. तुरीचं मूळ खोल जातं, घट्ट मुरूम थोडा मोकळा करतं, नत्र धरतं, आणि आडवी ओळ लावली तर पुढे कोवळ्या रोपाला उन्हाची आणि वाऱ्याची आड होते. शेंगा मिळतात, तुराट्यांची ताटी होते. सव्वादोन एकरांवर एकच रोप लावायची परवानगी मिळाली तर मी तूर मागेन.

जीवामृत या शेणाच्या आंबवलेल्या द्रवखताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती, दोन दिवस सावलीत, एकराला पुरतं. उघड्या तापलेल्या जमिनीवर ओतलं तर गूळ वाया. आच्छादन असेल तिथेच द्या. त्यासाठी लगेच गाय घ्यायलाही जाऊ नका. आपली डांगी गाय या पावसाची आहे, तिच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, मला ती फार आवडते, पण गाय म्हणजे रोज पहाट-संध्याकाळ, सुट्टी नाही. पहिली दोन वर्षं शेजाऱ्यांकडून शेण विकत घ्या. त्या निमित्ताने रोज बोलणं होतं, आणि बोलणं झालं की शाकारणीला, गाळ काढायला सावडीने माणसं मिळतात. तुम्हीही त्यांच्या भातलावणीला एक दिवस गेलं पाहिजे, हे ओघाने आलंच.

घराभोवतीच्या कुंपणातल्या अर्ध्या एकरात मात्र याच जूनला हात लावा. केळी मोरीपाशी, चार शेवगे, कढीपत्ता, एक कागदी लिंबू, पपई, हादगा, मांडवावर दोडका आणि वाल. पंधरा-वीस रोपं, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाशेजारी भाजलेलं, पण चकचकीत रंग न दिलेलं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण. भरलं की पाणी हळूहळू झिरपतं, उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा भरलं तरी चालतं. खालच्या सखल कोपऱ्यात केळी-पपई लावू नका. थंडीत जड हवा तिथे साचते, आणि निफाडला पारा पाच अंशांखाली जातो त्या रात्री तुमच्याकडेही पानं करपतील.

आंब्यांचं घाईने ठरवू नका. केसरची कलमं पुढच्या वर्षी चारसहा घ्या. पण आत्ता मेमध्ये गावातल्या चांगल्या रायवळ आंब्याच्या कोया धुऊन ठेवा आणि पहिल्या पावसात वरच्या भागात जागेवरच रुजवा, वाटलं तर दोन वर्षांनी तिथेच कलम बांधा. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ गुंडाळलेलं असतं, कोयीचं सरळ खाली उतरतं, आणि मुरमात तोच फरक पाचव्या उन्हाळ्यात दिसतो.

विहिरीवर झुकलेलं उंबराचं झाड आहे, पानं पाण्यात पडतात म्हणून तोडावं का असंही तुम्ही विचारलंय. नका तोडू. विहिरीवरची फक्त फांदी छाटा, वर जाळी टाका. पानांचं खत करा, फळांवर पाखरं येतील आणि त्यांच्या विष्ठेतून फुकटात झाडं रुजतील. तसंही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी बरीच झाडं स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून जागेतलं कुठलंही जुनं झाड पाडण्याआधी चौकशी करा.

राहिलं तुरीचं बी. दुकानात जाऊ नका, पाड्यावर विचारा. गावठी तूर मेअखेरीपर्यंत कुणाच्या तरी घरात राखेत घोळून ठेवलेली असतेच. दोन किलो पुरे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि ती पेरायची तीही मातीत वीतभर ओल उतरल्याचं हाताने खणून बघितल्यावरच. वळवाच्या पहिल्या सरीला भुलून मी दोनदा पेरली आहे, दोन्ही वेळा मुंग्यांनी नेली.